न मोजलेला महिना

वाडीत कुणाला दिवस गेले की बायका माझ्याकडे येत. पंचांग मला वाचता येत नाही, पण नवरा मुंबईहून कोणत्या सणाला आला होता एवढं कळलं की मी बोटांवर मोजून दिवस सांगायचे. नऊ महिने, वर नऊ दिवस. जनीकाकूचं गणित चुकत नाही, असं लोक म्हणत आणि मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझी लेक संस्कृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिचेही मी असेच मोजले. जावई दीपक मुंबईला कंपनीत, तो गणपतीला आला होता. भाद्रपदातली चतुर्थी ते ज्येष्ठातली चतुर्थी, झाले नऊ महिने. पण यंदा ज्येष्ठ दोन आले, आधी अधिक आणि मग निज. अधिक महिन्यात आपण लग्न करत नाही, वास्तुशांत करत नाही. तो महिना धरायचाच नसतो, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. म्हणून मी दुसऱ्या ज्येष्ठावर बोट ठेवलं.

रत्नागिरीच्या भार्गवी डॉक्टरांनी अधिक लागल्यावर आठवड्याने तिला तपासलं. वयाने त्या माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. म्हणाल्या, "दिवस भरले. आता सकाळ-संध्याकाळ चाला, घरातलं हलकं काम करा, रोज चार-सहा खजूर खा. त्याने कळा येतीलच असं नाही, पण अपाय नाही. एरंडेल मात्र कुणी दिलं तरी घेऊ नका. पुढच्या सोमवारपर्यंत कळा आल्या नाहीत तर दाखल व्हा, आपण औषधाने आणू. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर सोमवारचीही वाट बघायची नाही."

मी मान हलवली. एस.टी.त बसल्यावर लेकीला म्हटलं, "महिना हाय अजून. ह्यांना कसली घाई?"

दुसऱ्या दिवशी ती उठून वर सड्याच्या माळाकडे चालायला निघाली, तर मी आडवी आले. म्हटलं, कच्चं पोर खाली येईल. खजूर उष्ण पडतात म्हणून तांदळाच्या पिंपामागे ठेवून दिले. हे उपाय मला ठाऊक नव्हते असं नाही. चढ-उतार करणं, उकिडवं बसून केर काढणं, मीच कितीजणींना सांगितलेलं. पण ते दिवस भरल्यावर, आणि माझ्या मोजणीत ते भरलेच नव्हते.

"आये, मॅडमनी सांगितलंय," ती एकदा म्हणाली.

"मॅडमनी किती बाळंतपणं बघितली?" मी म्हटलं. माझी लेक ऐकणारी आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या अधिकात वाडीतली एक सून महिनाभर आधी बाळंत झाली, असं मीच सगळीकडे सांगितलं होतं. पोरगा साडेतीन किलोचा होता. तेव्हाही मला शंका आली नाही, इतकी मी स्वतःवर खूश.

सोमवारी ती दवाखान्यात जायला निघाली, तर महिना आहे म्हणून मी तिला बसवून ठेवलं. बुधवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते. संस्कृती दारात येऊन उभी राहिली.

"आये, काल सांजपासून पोर गप हाय."

"निजलं असंल. पेज पी, लागंल हलायला."

तिने पेज प्यायली. तासभर कुशीवर पडून राहिली. मग उठली, दवाखान्याची फाईल घेतली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं चाललीस गो?"

"माझं पोर हाय, आये. मी जाते."

जन्मात पहिल्यांदा तिने मला असं उत्तर दिलं. नाक्यावरून विठूची रिक्षा तिने केव्हाच बोलावली होती. मी पिठाच्या हातांनी तिच्यामागे धावले.

दवाखान्यात बाळाचे ठोके कमी लागले. लगेच ऑपरेशन ठरलं. आत नेता नेता भार्गवी डॉक्टरांनी विचारलं, "सोमवारी का नाही आलात?"

संस्कृतीने माझ्याकडे पाहिलं. "मला बरं वाटत होतं," ती म्हणाली.

मी तिथेच उभी होते.

मुलगी झाली. रडली नाही. आतल्या पाण्यात शी केली होती, ती छातीत गेली म्हणाले, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दीपक आला आणि बायकोवरच घसरला. "बारावी शिकलीस ना तू? तुला एवढं कळत नाय?" तिने भिंतीकडे तोंड केलं. टाके ओले, दूध साठलेलं, मूल जवळ नाही, आणि तरी तिने माझं नाव घेतलं नाही. बाळाला उद्या साधा ताप आला तरी हा हेच ऐकवणार, आणि ही असंच तोंड फिरवणार, हे मला दिसलं.

"तिला बोलू नको," मी म्हटलं. "ती यायलाच निघालेली. मी अडवलं. खजूरसुद्धा मीच लपवले."

दीपक उठून बाहेर गेला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी बाळ तिच्या छातीला लावलं आणि ते दूध ओढायला लागलं. मी पडद्याआड जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

पहिलटकरीण सव्वा महिना माहेरीच राहते. मी न्हाणीघर सारवून घेतलं होतं, शेक-शेगडीला कोळसे आणले होते, अळीव निवडून ठेवले होते. घरी सोडायच्या दिवशी संस्कृती म्हणाली, "आये, मी केळशीला सासूबाईंकडे जाते."

"माझ्यावर राग हाय?"

"नाय गो." तिने माझा हात धरला. "पण तुझ्याजवळ असले की तुला नाय म्हणायला मला जमत नाय. एकदा जमलं. परत जमंल असं नाय."

मी बाळाला टोपडं बांधलं आणि तिच्या हातात दिलं.