हळदीने चिकटलेले पान

मी एक जुने पासबुक आहे. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत सेतुरामांच्या कपाटात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, एके काळी ते मला दर महिन्याला इस्त्रीचा सदरा घालून बँकेत नेत. पुढे सगळे व्यवहार मोबाइलवर आले आणि मी विजेच्या बिलांखाली दबून गेले.

गेल्या चैत्रात त्यांना माझी आठवण झाली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातले गाढव मी. सून नंदिता हिला परदेशी नवऱ्याकडे, कार्तिकेयकडे जायचे होते. लग्नाला दीड वर्ष झाले होते आणि दोघे एकत्र राहिले होते जेमतेम बावीस दिवस. व्हिसासाठी त्याचा पगार अपुरा होता, म्हणून वडिलांच्या शिलकीचा पुरावा हवा होता. तो पुरावा मी. सगळ्या नोंदी अंगावर छापून घेताना माझी छाती फुगली.

मुलाखतीसाठी चेन्नईला निघताना सासूबाई गंगाबाईंनी माझ्या कोपऱ्यांना ओली हळद लावली. "शुभाचा कागद कोरा धाडू नये," त्या म्हणाल्या. मग मायेच्या भरात शिलकीच्या आकड्यावरही बोट टेकवले आणि मला मिटून पिशवीत ठेवले.

गाडीने पापनाशम स्टेशन सोडल्यावर सेतुरामांनी मला उघडले. पाने चिकटली होती. ओढताच आकडा सोलून निघाला आणि समोरच्या पानाला लागला. नंदिता खिडकीबाहेर बघत राहिली.

"शिल्लक वाचता येत नाही. बँकेचा नवा दाखला आणा," चेन्नईत व्हिसा अधिकारी म्हणाला. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. मला फार लाज वाटली.

घरी गंगाबाईंना कोणी शब्दाने बोलले नाही. तेच त्यांना जास्त लागले. त्यांनी हळदीची वाटी फळीवर उपडी घातली.

परवा नवा दाखला घेऊन सासरा-सून पुन्हा निघाले. गंगाबाई हात पदराखाली धरून दूर उभ्या होत्या. नंदिताने वाटी आणून पुढे केली.

"माझा हात नक्को गे, परत नासेल."

"कागदाला नक्को, अम्मा. मला लावा."

गंगाबाईंनी तिच्या दोन्ही गालांना हळद लावली. लावताना त्या रडल्या.

निकाल अजून कळलेला नाही. मी बिलांखाली पडून वाट पाहते आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांना कोरडे ठेवा. माया लावायला घरात माणसे असतात.