आतली वाट

"बोट बहुतेक वेळ कुठल्या स्पीडला चालणार?" इंजिनाचे सुटे भाग विकणाऱ्या माणसाने फोनवर विचारलं.

धाकट्याने फोन कानाला आणखी घट्ट दाबला. समोर स्टुलावर, कमरेला रुंद पट्टा बांधून त्याचा थोरला भाऊ ताठ बसला होता आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"काय विचारतोय?"

"पत्ता," धाकटा म्हणाला.

"मग सांग की. पत्ता विसरलास काय?"

"हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये," म्हणत धाकट्याने फोन ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. तो उठला, पुसून ठेवलेले पाने पुन्हा पुसायला लागला. जिवाची घालमेल झाली की त्याच्या हातांना काहीतरी पुसायला लागायचं, आणि गेला महिनाभर त्याच्या शेडमधलं एकही हत्यार मळकं राहिलं नव्हतं.

वयाने तो पन्नाशी ओलांडलेला, पण दादा असेपर्यंत धाकटेपणातून त्याची सुटका नव्हती. धक्क्यावर लहानथोर सगळे त्याला धाकटाच म्हणत. बोटींची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि शर्यतीचं इंजिन बांधणं हे त्याचं वेड. इंजिन तो बांधायचा, बोट दादा चालवायचा. लाल नाकाची ती बोट पहिली आली की लोक दादाला खांद्यावर घ्यायचे. धाकट्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बोट दिसायच्या आधी पाण्यावरून जो आवाज यायचा, तो त्याचा असायचा.

मागच्या मोसमात बोट उलटली. दादाच्या मणक्याला मार बसला आणि इंजिन पाण्यात गेलं. दादा अंथरुणात होता तोवर धाकट्याने इंजिन अख्खं खोललं, घासलं, नव्याने बांधत आणलं. अडलं होतं ते कॅमशाफ्टपाशी. जुना गंजून खवल्याखवल्यांचा झाला होता.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा एक दांडा. त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटू देतात. व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे तोच ठरवतो. थोडक्यात, इंजिनाचा स्वभाव त्याच्या हातात. दादाच्या भाषेत कॅमशाफ्ट दोनच जातींचे, तिखट आणि अळणी. तिखट टाकला की इंजिन वरच्या वेगाला पेटून उठतं, पण हळू चालवलं की अडखळतं, गुरगुरतं. त्यात बोटीच्या धुराच्या पाइपात थंडाव्यासाठी पाणी सोडलेलं असतं. तिखट कॅमशाफ्ट हळू चालीवर तेच पाणी उलटं आत ओढतो आणि इंजिनाची वाट लावतो. म्हणून तशी बोट रेंगाळत चालवता येत नाही, पळवावीच लागते. अळणी कॅमशाफ्टला हा त्रास नाही. तो दिवसभर हळू चालतो, पण त्याने शर्यत जिंकता येत नाही.

"तिखटच मागव," दादा म्हणाला. "आधी होता त्याच्याहून एक घर वरचा. डॉक्टर म्हणालेत, मोसमापर्यंत ठणठणीत."

"असं म्हणाले?"

"मग काय, मी खोटं बोलतोय?"

धाकट्याने पुढचा पाना पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दादा व्यायामाच्या डॉक्टरकडे गेलेला असताना वहिनी शेडमध्ये आल्या. त्या इकडे सहसा फिरकत नसत. तेलाच्या वासाने त्यांचं डोकं दुखायचं. दादाच्याच स्टुलावर पदर सावरून बसल्या.

"भाऊजी, ते तुम्हाला ठणठणीत म्हणून सांगतायत ना?"

"हो."

"मी होते तिथे. डॉक्टरांनी सांगितलंय, पाण्यावरचा एक जोराचा दणका बसला तर दोन्ही पाय जातील. शांत पाण्यात हळू फिरवा म्हणाले, तेवढी मोकळीक आहे. यांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला म्हणतात, डॉक्टरला पोहता तरी येतं का."

धाकट्याला हसू आलं. वहिनींना आलं नाही.

"तुम्ही समजावा ना त्याला," तो म्हणाला.

"मी बोलले की भांडण होतं. तुम्ही बोललात की अबोला होईल. तुम्ही बोलूच नका, भाऊजी. तुमचं काम करा."

त्या गेल्यावर धाकटा कितीतरी वेळ शेडमध्ये नुसता येरझाऱ्या घालत होता. तिखट टाकला, तर दादाच्या हातात आयतं निमित्त येणार होतं: हळू चालवली तर इंजिन बिघडेल, मग पळवायला नको? आणि अळणी टाकला, तर तोंडाने एक शब्द न काढता आपण दादाला सांगितल्यासारखं होणार होतं की, संपलं तुझं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती वहिनींना सांगता आली नसती. त्याला स्वतःला तिखट हवा होता. तो आवाज पुन्हा ऐकू येणार नाही, हे त्याला सोसवत नव्हतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

शेवटी त्याने फोन उचलला. "बोट हळू चालणार आहे," तो म्हणाला. "बहुतेक वेळ नाही. कायमच."

पार्सल आलं तेव्हा त्याने ते जुन्या ताडपत्रीखाली दडवलं आणि दादा घरात नसताना कॅमशाफ्ट बसवून टाकला. उंचवट्यांवर नुसता अंगठा फिरवला असता तरी दादाला कळलं असतं.

"माझ्याशिवाय बसवलास?" दादा भडकला. "आजवर कधी असं केलं होतंस?"

"मोसम तोंडावर आलाय. म्हटलं, उरकून घ्यावं."

"लग्नाला नवरदेवालाच न बोलावल्यातली गत झाली."

रविवारी सकाळी बोट धक्क्याला दोरांनी बांधून इंजिन सुरू करायचं ठरलं. वहिनीही आल्या, लांब बाकावर बसल्या. नव्या कॅमशाफ्टचं एक पथ्य असतं: पहिल्यांदा सुरू केला की इंजिन लगेच हळू करायचं नाही. वीसेक मिनिटं ते गर्जत ठेवायचं, म्हणजे उंचवट्यांना तेल नीट मिळतं आणि ते बसतात. हळू केलं तर तिथल्या तिथे झिजतात. धाकट्याला या पथ्याचा एवढा आधार कधीच वाटला नव्हता. गर्जणारं इंजिन तिखट की अळणी, हे सहसा ओळखू येत नाही. हळू केलं की मात्र लपत नाही.

इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. गर्जना धक्क्याच्या दगडांवर आपटून परत यायला लागली. दादा शेजारी उभा होता, एक हात बोटीच्या काचेवर ठेवून, आणि हसत होता. इतक्या महिन्यांत धाकट्याने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

वीस मिनिटं झाली. धाकट्याने उगाच तेलाचा दाब बघितला. पाण्याचा पाइप चाचपला. कोरडा नट पुसला. मग पुन्हा तेलाचा दाब बघितला. अर्धा तास उलटून गेला तरी त्याचा हात वेगाच्या दांड्याकडे जाईना.

"किती वेळ वर ठेवणार आहेस?" दादा त्याच्या कानाशी ओरडला. "टाकी संपेल."

आणि त्याने स्वतःच हात पुढे करून दांडा खाली आणला.

गर्जना विरली. इंजिन ना अडखळलं, ना गुरगुरलं. शिवणयंत्रासारखं एका लयीत टकटक चालत राहिलं. धाकट्याने मान खाली घातली. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने एकदा वर बघितलं आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

"दादा," धाकटा म्हणाला, "मी…"

"पहिल्या मिनिटातच कळलं मला. वर जाताना लवकर दमतंय."

"मग हसत का होतास?"

"तुझं तोंड बघून. चोरी पकडली गेलेल्या मांजरासारखं झालं होतं." दादाचं हसू हळूहळू उतरलं. तो इंजिनाकडे वळला. "बांधलंयस मात्र झकास," तो म्हणाला. "दोर सोड."

"आज?"

"मग काय मुहूर्त काढतोस? सोड."

तो काठाला धरून, पाठ न वाकवता बोटीत उतरला. एवढंसं उतरायला त्याला इतका वेळ लागला, की धाकट्याने नजर दुसरीकडे वळवली. मग दादाने बाकाकडे बघून हाक मारली, "येतेस का? डोकं दुखणार नसेल तर." वहिनी उठल्या आणि धाकट्याचा हात धरून बोटीत जाऊन बसल्या. त्या बोटीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

धाकट्याने दोर सोडले आणि तो धक्क्यावरच थांबला. बोट हळूहळू, शर्यतीचा मार्ग आखणाऱ्या तरंगत्या पिंपांच्या रांगेपर्यंत गेली. पिंपांच्या आतल्या अंगाने जवळची वाट होती. बंदरातला नियम असा, की मागून वेगाची बोट आली तर पुढच्याने आतली वाट सोडून द्यायची. दादाने ती आजवर कुणासाठी सोडली नव्हती, सरावातसुद्धा नाही. त्यावरून एकदा मारामारीपर्यंत पाळी आली होती.

सराव करणाऱ्या दोन बोटी मागून आल्या. त्यांचा आवाज धाकट्याने आधी ऐकला आणि मग त्या दिसल्या. एक तर चांगलीच तिखट होती. त्याने दादाच्या पाठीकडे बघितलं. पाठ ताठ होती; पट्ट्यामुळे ती तशीही ताठच असायची.

लाल नाक बाहेर वळलं. दादाने बोट पिंपांच्या पलीकडे नेली, वेग आणखी उतरवला आणि हात उंच करून मागच्यांना पुढे जायला सांगितलं. ओळखीच्या बोटीने आज वाट दिली म्हणून की काय, त्या दोघी क्षणभर बिचकल्या, मग सुसाट निघून गेल्या. त्यांच्या लाटांवर लाल बोट वरखाली हलली. वहिनींनी दादाचा दंड धरला.

अशा लाटेत, अशा चालीवर तिखट इंजिन पाणी ओढून कधीच बंद पडलं असतं. धाकटा हातातला फडका घट्ट धरून कान देऊन उभा होता. लाटा ओसरल्या. दादाचा वर केलेला हात अजून खाली आला नव्हता. पाण्यावरून इंजिनाची टकटक येत होती, तशीच, एका लयीत.