रघुराम राव शाळा पाहायला जातात

रघुराम राव शाळेच्या मागच्या दाराने आत शिरले आणि शिरताच त्यांचा पाय एका बादलीला लागला. बादली खडखडत थेट स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्याशी जाऊन पोचली.

"अप्पा, पुढचं दार उघडं आहे हो," मागून त्यांची सून स्वरदा हळूच म्हणाली. तिच्या पदरामागे पाच वर्षांची हरिणी उभी होती.

"पुढचें दार दाखवायास असतें," राव म्हणाले. "पुढें रांगोळीचें कोलम घालतात, फुलें बांधतात. घर पाहावें तें मागून."

हे बोल अनुभवाचे होते. विमा कंपनीतले निवृत्त कारकून म्हणून रावांना वेस्ट मांबलममध्ये कोणी फारसं ओळखत नसे. पण चेन्नईतल्या तंजावरी मराठी घरांत त्यांचा दबदबा होता. कुणाच्या मुलाचं लग्न निघालं की मुलगी पाहायला जाताना रावांना सोबत नेत. राव मागच्या गल्लीने घराला एक फेरी घालून मगच आत येत. तहान नसताना पाणी मागत. मुलगी गात असली की मान डोलावत, पण कान स्वयंपाकघरात कोण कुणावर ओरडतंय तिकडे. केसरी शिरा आणि बज्जी शेवटच्या कणापर्यंत संपवत, हात पुसत आणि ठरलेलं वाक्य म्हणत, "घरीं जाऊन पत्र टाकतों."

पत्र कधीच जात नसे. मांबलम स्टेशन यायच्या आत दोष जाहीर झालेला असे. एक मुलगी फार लवकर हसली. एकीचे वडील बसल्या बसल्या घोरले. एका घरी तर बज्जीत मीठच नव्हतं. रावांनी एकदा नाक मुरडलं की त्या स्थळाचं नाव पुन्हा निघत नसे. त्यांची बायको तुळसी याबद्दल एवढंच म्हणे, "मज पाहायास यांची आई आली होती. हे आले असते तर मी अजून माहेरींच असतें."

आता पाहायची होती शाळा, आणि तीही कार्पोरेशनची.

त्याचं कारण हरिणी. तिच्या घरात तीन भाषा नांदत होत्या. आजी-आजोबांची तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, आईची सांगलीची मराठी, आणि पेरुंगुडीच्या ऑफिसातून थकून येणाऱ्या बापाची, कार्तिकेयची, इंग्रजी. दाराबाहेर तमिळ. घरात पोरगी या चारही भाषा एकाच वाक्यात वापरून कान किटवायची, पण उंबरा ओलांडला की तोंड बंद. पोहण्याचा तलाव असलेल्या मोठ्या खासगी शाळेत ती वर्षभर गेली आणि वर्षभर एक अक्षर बोलली नाही. शेवटी त्या शाळेने आईबापांना बोलावून, कॉफी देऊन, गोड शब्दांत सांगितलं की मुलीला दुसरं वातावरण मानवेल. स्वरदा रिक्षात घरापर्यंत रडत आली. मग तिनेच आसपास विचारपूस केली आणि मागच्या गल्लीतल्या या शाळेचं नाव काढलं.

"कार्पोरेशन शाळा! आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारांत चिटणीस होते," राव गरजले होते.

"आणि त्यांची पणती बोलत नाहीं," तुळसी म्हणाली होती. "जाऊन पाहा तरी."

म्हणून राव आले होते. दोष घेऊनच घरी जायचं, हे त्यांनी सकाळच्या कॉफीच्या आधीच ठरवलं होतं.

बादलीचा आवाज ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. उंच, शिडशिडीत, सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांना सगळे त्रिपुरसुंदरी टीचर म्हणत. "या," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "त्या बादलीचं मनावर घेऊ नका. तपासणीला येणारे साहेबही मागूनच येतात आणि तिलाच अडखळतात."

रावांनी तमिळमध्येच पाणी मागितलं. एका चिमुरडीने स्टीलच्या पेल्यातून पाणी आणलं. तिचा अंगठा थेट पाण्यात बुडालेला.

"पाहिलेंस?" राव स्वरदाला मराठीत म्हणाले. "अंगठा धुऊन आणला."

"अप्पा, हळू ना."

"अगे, येथें कोणास कळतें?"

रावांचं काही चुकत नव्हतं. या गावात मराठी म्हणजे दार लावून बोलण्याची सोय. भाजीवाल्यासमोर भाजीची, डॉक्टरसमोर डॉक्टरची आणि मुलीच्या बापासमोर मुलीची चर्चा तंजावरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशीच खुशाल करत आलेली.

"दुसरं आण गं," मुख्याध्यापिका त्या मुलीला तमिळमध्ये म्हणाल्या. "अंगठा बाहेर ठेवून."

बाईचं लक्ष असतं, असं रावांनी मनात म्हटलं आणि पुढे निघाले.

पहिलीच्या वर्गात मुलं गोल करून जमिनीवर बसली होती आणि शिक्षिकाही त्यांच्यात मांडी घालून. "मास्तरीण कोण नि पोरें कोण, कांहीं कळत नाहीं," राव मराठीत पुटपुटले. भिंतीवर रंगवलेल्या हत्तीचा रंग ओलीने उडाला होता. "हत्तीचें शेपूट गेलें. पुढल्या पावसांत मागले पायही जातील."

"आमच्या शिक्षिका खालीच बसतात," मुख्याध्यापिका कुणी विचारलं नसताना म्हणाल्या. "खुर्चीवरून मुलांची नुसती टाळकी दिसतात. आणि हत्तीसाठी रंग मागितलाय. येईल."

स्वरदाने सासऱ्यांना कोपराने ढोसलं. पण राव आता रंगात आले होते. "बाई करडी दिसते," ते म्हणाले. "लग्न झालेलें नसावें. आवाजांतच कळतें."

मुख्याध्यापिकांनी गळ्यातला चष्मा उचलला, पदराने सावकाश पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "चला," त्या म्हणाल्या, "मुलांच्या नाश्त्याची वेळ झाली."

व्हरांड्यात मुलांची पंगत बसली होती. पोंगल आणि सांबार. स्वरदाने चाचरत सांगितलं, "आमची हरिणी बाहेर कुणाशी बोलत नाही. तिला काही विचारलंत तर..."

"खाते ना?"

"हो."

"मग बसू दे. विचारायचंय कुणाला?"

हरिणी पंगतीत बसली. मोठ्या शाळेत तिला नाव विचारलं, रंग विचारले, सफरचंदाचं चित्र नाकासमोर धरलं होतं. इथे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिने पोंगलचा एक घास घेतला, सांबारात बुडवून दुसरा घेतला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. ती आठी रावांच्या चांगली ओळखीची होती. रोज दाढी करताना ती त्यांना आरशात दिसे.

"उप्पु कम्मी," हरिणी मोठ्याने म्हणाली.

मीठ कमी आहे. वर्षभरात परक्यांसमोर तिच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द.

वाढणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढ्या वर्षांत मला कुणी बोललं नाही! टीचर, कालची पोर ही!"

मुख्याध्यापिकांनी तळहातावर चमचाभर सांबार घेतलं, चाटलं, डोळे मिटून क्षणभर विचार केला. "पोरीचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कमीच आहे. मीठ आणा."

त्याबरोबर सगळ्या पंगतीला मीठ कमी लागू लागलं. पोरांनी एकच गिल्ला केला. ज्याने अजून घासही घेतला नव्हता तोही "उप्पु कम्मी" म्हणून ओरडायला लागला. मीठ आलं, सांबार ढवळलं गेलं, पुन्हा वाढलं गेलं. मुख्याध्यापिका हरिणीसमोर उकिडव्या बसल्या. "आता?"

हरिणीने चव घेतली. न्यायाधीशाने घ्यावा तेवढा वेळ घेतला. "आता सेरी," ती म्हणाली. आता ठीक आहे.

स्वरदा बिनशेपटाच्या हत्तीकडे तोंड करून डोळे पुसू लागली. मीठ कमी असलेल्या घराचं काय करायचं ते रावांना पाठ होतं. पण सांगितल्यावर मीठ घालणाऱ्या घराचं काय करायचं? त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत असा प्रसंगच आला नव्हता. कारण त्या घरांत त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. खाल्लं होतं, हात पुसले होते, आणि बाहेर येऊन बोलले होते.

"मग, काय ठरवलंत?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

राव गडबडले. गडबडीत जीभ जुन्या वाटेने गेली, आणि तीही मराठीत. "घरीं जाऊन पत्र टाकतों."

"टाका," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण खरेंच टाका हो."

रावांना वाटलं, स्वरदाच बोलली. मग लक्षात आलं की सांगलीत असं बोलत नाहीत. ही मराठी त्यांच्या आजीच्या तोंडची होती.

"येथल्याच तिरुवल्लिकेणींत आमचें घर होतें," त्रिपुरसुंदरी टीचर सांगत होत्या, अगदी शांतपणे. "बाबा ओट्यावर बसून पोस्टमनाची वाट पाहात. मज पाहायास पुष्कळ लोक येऊन गेले. जातांना सगळे हेंच म्हणाले. पत्र एकाचेंही आलें नाहीं."

रावांच्या डोळ्यांपुढून अंगठा गेला, हत्ती गेला, आणि शेवटी 'करडी' हा शब्द अगदी सावकाश गेला. त्यांनी विचारलं, "तुम्हीं... आपलीं?"

"तंजावरचींच. बाबा गेले, मग मराठी बोलायास कोणी उरलें नाहीं. आज तुम्हीं बोलत होतां, कानास बरें वाटलें." त्यांनी चष्मा वर सरकवला. "सगळेंच नव्हे."

स्वरदा जवळच्या बाकावर मटकन बसली.

घरी आल्यावर रावांनी कॉफी घेतली नाही. तुळसी समोर येऊन उभी राहिली. "काय दोष निघाला?"

"तुझ्या धाकट्या भावासाठीं, उपेंद्रासाठीं तिरुवल्लिकेणींत मुलगी पाहायास गेलों होतों, नव्हे?"

"उपेंद्रासाठीं, आणखी कोणाकोणासाठीं. तिकडे तुम्हीं कितीदां गेलां असाल."

"एके ठिकाणीं बज्जींत मीठ नव्हतें."

"तें घर आठवतें?"

"बज्जी आठवते."

"आणि मुलगी?"

रावांनी डोळे मिटले. ओटा आठवला. ओट्यावरचा खोकणारा म्हातारा आठवला. पितळी ताट आठवलं, ताट धरलेल्या बांगड्याही आठवल्या. बांगड्यांच्या वर काहीच नव्हतं. त्या घरी, इतर घरी, कुठल्याही घरी. एवढ्या मुली पाहिल्या आणि एकीचाही चेहरा त्यांना आठवेना. ही बाई त्यांतलीच एक असेल किंवा नसेलही. तिला विचारायची त्यांची छाती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा रघुराम रावांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला हातात पेपरही नव्हता.

"मग पत्र टाकणार कीं नाहीं?" तुळसीने विचारलं.

"पत्र नको," राव म्हणाले. "ताट काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत पुढच्या दाराने गेले. दारात कोलम होतं. ते न तुडवता, बाजूने, जपून गेले. मागे तुळसी, स्वरदा आणि हरिणी. रावांच्या हातात चांदीचं ताट. त्यात नारळ, विड्याची पानं, सुपारी, केळी, हळदकुंकू. लग्न ठरल्यावर मुलीकडे न्यावं तसं सगळं साग्रसंगीत.

"पसंत आहे," राव म्हणाले. हा शब्द उच्चारायची सवय नसल्यामुळे त्यांचा आवाज फाटला.

त्रिपुरसुंदरी टीचर टेबलामागून उठल्या. "येथें भेटवस्तू घ्यायास मनाई आहे."

"भेट नव्हे. पसंती कळवायची पद्धत आहे आपली." राव अडखळले. "पत्राऐवजीं."

टीचरनी ताटाकडे पाहिलं. नारळावर कुंकवाचं बोट होतं. त्यांचा हात पुढे आला, एक विड्याचं पान उचलून त्यांनी ते तळहातावर सरळ केलं, आणि परत होतं तिथे ठेवलं.

"तुमची पसंती कळली," त्या म्हणाल्या. "आमची कोणी विचारली?"

तुळसीने तोंडाला पदर लावला. आतून हसू फुटत होतं.

"बाहेर बसा," टीचर म्हणाल्या. "आम्हीं दोघी आंत बोलतों. मग कळवतों." आणि हरिणीचं बोट धरून त्या वर्गात गेल्या.

व्हरांड्यातला बाक पहिलीच्या मुलांचा होता. रावांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. ताट मांडीवर. सरकारी शाळेला कुठल्याही मुलाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. बाई आत प्रवेशाचा अर्जच भरत असणार, हेही कळत होतं. तरी ते ताटातला नारळ पुन्हा पुन्हा सरळ करत होते. आतून हरिणीचा आवाज येत होता, एकसारखा, चारही भाषांत. काहीतरी मोठं रामायण चाललं होतं, आणि मधून मधून टीचर विचारत होत्या, "मग? मग?"

"दमलां असाल, ताट मी धरूं?" तुळसीने विचारलं.

"नको," राव म्हणाले.

आतला आवाज थांबला. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. रावांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं, ताट दोन्ही हातांनी धरलं आणि दाराकडे न पाहता, खाली मान घालून बसून राहिले.