दोन छोट्या शिट्ट्या

रस्ता ओलांडायच्या जागी बाईंनी उजवा हात सरळ वर केला आणि त्या थांबल्या. त्यांच्या मागे चार पावलांवर चालणारी मैत्रीण थांबली. तिच्या मागे गळ्यात कॅमेरे अडकवलेले कुठलेसे पाच-सहा प्रवासी होते, तेही निमूट थांबले. चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होता, तरी कुणी हलेना.

"अगं, हात खाली घे," मैत्रीण मागून म्हणाली. "ही माणसं आता प्रार्थना म्हणायला लागतील."

बाईंनी जीभ चावली आणि हात खाली घेतला. प्रवासी हसत पुढे निघून गेले. पुलावरचे दिवे नुकतेच लागले होते आणि खाली नदीच्या पाण्यात त्यांच्या लांबलचक पिवळ्या रेघा हलत होत्या.

बाईंनी सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. मैत्रीण त्याच शाळेत खेळाची शिक्षिका होती. मुलांनी तिचं नाव शिट्टी ठेवलं, ते शिक्षकांच्या खोलीत पोचलं आणि तिथून तिच्या सासरीसुद्धा. दरवर्षीच्या सहलीला बाई रांगेच्या पुढे, हात वर करून; शिट्टी रांगेच्या शेवटी, गळ्यात शिट्टी घालून. एक लांब शिट्टी म्हणजे रांग तुटली, पुढच्याने थांबायचं. दोन छोट्या म्हणजे सगळे आले, चला. अशा किती बागा, किती किल्ले, किती प्राणिसंग्रहालयं दोघींनी पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी दोघींच्या मध्ये अख्खी शाळा होती. एकाच वाघासमोर दोघी कधी एकत्र उभ्या राहिल्या नाहीत. बाई वाघापाशी असायच्या तेव्हा शिट्टी माकडांपाशी कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधत असायची.

म्हणून तर दोघींच्याच या सहलीचं बाईंना एवढं अप्रूप होतं. मध्ये एकही मूल नाही. पण सवय म्हणजे सवय. काल संग्रहालयात कुठल्याशा शाळेची मुलं दोन-दोनच्या जोडीने जाताना दिसली आणि बाई मोठमोठ्या तसबिरी सोडून मुलं मोजत बसल्या. एक कमी भरत होतं. ते एक पोरगं खांबामागून बाहेर येऊन रांगेत घुसलं, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला.

"तुझं तिकीट फुकट गेलं," शिट्टी म्हणाली होती. "आत्ता तू तसबिरीतल्या एका राजाच्या पोटात कोपर घालून उभी होतीस, त्याच्याकडे बघितलंस तरी का?"

दिवसा शिट्टी अशी पायाला भिंगरी लावल्यासारखी पुढे पुढे असायची. घड्याळाच्या मनोऱ्याचा गोल जिना ती बाईंच्या आधी चढली आणि वरून हाका मारत राहिली. दिवे लागले की मात्र तिचं सगळं उलटं. ती हळूच मागे पडायची आणि बाईंच्या मागून चालायला लागायची.

"शिट्टी, आता तरी शेजारी चाल की."

"नको. शेवटी कुणीतरी लागतंच."

बाई हसल्या आणि पुढे चालू लागल्या. पण मनात काटा होताच. आज शेवटची संध्याकाळ होती आणि त्यांनी जे सांगायचं ठरवलं होतं ते अजून सांगून झालं नव्हतं.

मुलगा दोन वर्षं मागे लागला होता. घर बंद कर, आमच्याकडे ये, कायमची. नातवंडं होती, प्रशस्त खोली होती, सून चांगली होती. नाही म्हणायला बाईंकडे कारण नव्हतं. परत गेल्यावर उत्तर देते, असं सांगून त्या निघाल्या होत्या, आणि उत्तर काय द्यायचं ते जवळजवळ ठरलं होतं. फक्त दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या या मैत्रिणीला ते सांगायचं बाकी होतं. त्याआधी तिचे आभार मानायचे होते. यजमान गेले त्या वर्षी शिट्टी रोज संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन यायची, दोन कप ओतायची, शेजारी बसून राहायची आणि एक अक्षर न बोलता थर्मास विसळून निघून जायची. सहलीत ज्यांना उलट्या व्हायच्या, ज्यांचे पाय दुखायचे, ती सगळी पोरं रांगेच्या शेवटी गोळा व्हायची, म्हणजे तिच्या पदरात पडायची. पालकांची शाबासकी मात्र पुढे चालणाऱ्या बाईंना मिळायची. हे सगळं सांगायचं म्हणून बाईंनी चार वाक्यं मनात बसवली होती. होडीत बसल्यावर सांगू, असं ठरलं, तेव्हा तोंडातून निघालं, "टोपी घाल, ऊन आहे." मनोऱ्यावर ठरलं, तेव्हा निघालं, "कठड्याला टेकू नकोस."

जेवायला गेल्या त्या जागेच्या दारातल्या पायरीला शिट्टी अडखळली. बाईंनी धरलं म्हणून बरं.

"नवे बूट," शिट्टी म्हणाली. "अजून माझं ऐकत नाहीत."

आत मंद उजेड होता, टेबलावर एकुलती एक मेणबत्ती. शिट्टीने जेवणाचं कार्ड मेणबत्तीजवळ नेलं, वळवून पाहिलं आणि बाईंपुढे सरकवलं.

"तूच मागव. मला नावं वाचूनच पोट भरतं."

जेवण झाल्यावर बाईंना खोलीवर जाऊन पाय शेकायचे होते. पण शिट्टी ऐकेना. हॉटेलातल्या मुलीने तिला नकाशावर खूण करून दिली होती: नदीकाठचा चौक, तिथे रोज बँड वाजतो आणि लोक नाचतात. रात्रीचं शहर बघायचंच, हा हट्ट पहिल्या दिवसापासून तिचाच होता.

चौकात पोचल्या तर काय, झाडांना दिव्यांच्या माळा, कडेला खुर्च्या, आणि मधल्या फरशीवर लहानथोर सगळे नाचत होते. शिट्टी एका बाकापाशी दिव्याखाली थांबली. "मी इथून बघते. तू जा."

"मी? मला कुठे येतंय नाचता?"

"सगळी नोकरी नाचण्यात गेली तुझी. जा."

तेवढ्यात एका अनोळखी तरुणीने बाईंचा हात धरून त्यांना ओढलंच. बाईंना एकच नाच येत होता, पहिलीतल्या बडबडगीतांचा. हात वर, हात खाली, एक गिरकी, दोन टाळ्या. त्यांनी तो केला. तरुणीने तो उचलला, मग तिच्या मित्राने, मग शेजारच्या दोन आजोबांनी, आणि बघता बघता पंधरा-वीस माणसं बाईंच्या मागे हात वर, हात खाली करायला लागली. बँडवाल्याने ते पाहिलं आणि टाळ्यांच्या जागी ढोलावर दोन ठोके द्यायला सुरुवात केली. बाईंना घाम फुटला. त्यांनी अंगावरची पांढरी शाल काढून कंबरेला गुंडाळली, वर गडद रंगाचा स्वेटर तेवढा राहिला, आणि नाचता नाचता त्या पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. आपण इतक्या वर्षांत असं पोटभर हसलो नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि शिट्टीने ढकललं म्हणून हे घडलं, असंही.

आणि एक लांब शिट्टी वाजली.

बाई जागच्या जागी थांबल्या. मागची तरुणी त्यांच्यावर आदळली. वाद्यं वाजतच होती, पण बाईंच्या पायांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्या वळल्या.

शिट्टी बाकापाशीच उभी होती. हातात शिट्टी होती. अजून पर्समध्ये बाळगते म्हणजे! ती थेट बाईंकडेच बघत होती. बाईंनी हात हलवला. शिट्टी बघत राहिली. बाईंनी दोन्ही हात हलवले. शिट्टीची नजर त्यांच्यावरून पुढे सरकली, झाडांपर्यंत गेली, परत आली आणि पुन्हा त्यांच्यावरून निघून गेली. तिची हनुवटी थोडी वर झाली होती. एक हात बाकाची पाठ चाचपत होता.

बाईंचा हात हळूहळू खाली आला. दारातली पायरी. मेणबत्तीजवळ नेलेलं कार्ड. आणि गेल्या वर्षी एकाएकी बदललेली फिरायला जायची वेळ. सकाळची हवा चांगली असते, असं शिट्टी म्हणाली होती आणि बाईंनी ते मान्यही केलं होतं.

त्यांनी हाक मारली नाही. कंबरेची शाल सोडली, झटकली आणि खांद्यांवर घेतली.

शिट्टीचा चेहरा लगेच निवळला. "होतीस कुठे?" ती लांबूनच ओरडली. "सारखी हरवतेस!"

बाई जाऊन तिच्या शेजारी बसल्या. जरा श्वास घेतला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"शिट्टी, खरं सांग."

शिट्टीने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "झालं वर्ष-दीड वर्ष. दिवसा काही नाही गं. उजेड गेला की पडदा पडतो. चष्म्याने जायचं नाही म्हणाले डॉक्टर."

"आणि मला रात्रीचं शहर बघायला घेऊन आलीस?"

"दिवे दिसतात ना! केवढे आहेत बघ. दिव्यांच्या मधलं तेवढं दिसत नाही. तिथे तुझी ही शाल असली की माझं भागतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या मुलाचा फोन आला होता," शिट्टी म्हणाली. "म्हणाला, मावशी, आईला तुम्हीच समजवा, तुमचं ऐकते ती. आता मी हे डोळ्यांचं काढलं असतं, तर तू गेली असतीस?"

बाई शालीच्या दशा सारख्या करू लागल्या.

"म्हणून म्हटलं, मुकाट्याने तुझा निरोपसमारंभ करून टाकू. शाळेतल्यासारखी भाषणं नकोत. इथे निदान बँड चांगला आहे."

"भाषण माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "तीन दिवस सांगायचं म्हणतेय."

"ठाऊक आहे. ओठ हलत होते तुझे होडीत, पाठांतराला उभ्या केलेल्या पोरासारखे. दिवसा मला दिसतं."

"मग ऐक तरी."

"नको. रडशील आणि मला दिसणारही नाही, काय उपयोग?" शिट्टी हसली. मग म्हणाली, "तू समजतेस तशी शेवटची जागा वाईट नसते गं. पुढच्याला नुसता रस्ता दिसतो. मला सगळी पोरं दिसायची, आणि त्यांच्या पलीकडे तुझा वर केलेला हात. तो दिसला की मी निर्धास्त."

बाईंची चारही वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्यांनी शाल नीट केली, उठल्या आणि कोपर पुढे केलं. हात नाही, कोपर. म्हणजे धरणाऱ्याला आपणच धरलंय असं वाटतं. लाजऱ्या मुलांना त्या असंच चालवत आल्या होत्या.

"चल. पुढे एक पायरी आहे, उंच आहे."

"तिच्यासारखीच एक मघाशी भेटली होती."

"डावीकडे एक आजोबा कुत्र्याला फिरवतायत. कुत्र्याच्या अंगात कोट आहे."

"कोट? थापा मारू नकोस."

"लाल. तीन बटणं. त्यातलं एक तुटलंय. पहिलीच्या मुलांना मी कधी थापा मारल्यात का?"

दोघी पुलाच्या दिशेने निघाल्या. बाईंच्या पर्समध्ये फोन थरथरला.

"मुलगा असेल," शिट्टी म्हणाली.

"असू दे." थोडं चालून गेल्यावर बाई म्हणाल्या, "आणि एक, परत गेल्यावर आपण फिरायला संध्याकाळीच जायचं. पहाटे उठायचा मला कंटाळा येतो."

शिट्टी थांबली. कोपरावरची तिची पकड घट्ट झाली.

"हे बघ, माझी कीव करून थांबायचं नाही हं. सांगून ठेवते."

"तुझी कसली कीव? मागे कुणी नसताना हात वर करून चालले, तर लोक मला वेड्यात काढतील."

"आणि मुलगा?"

"त्याला चालायला मीच शिकवलंय. समजावून सांगितलं की कळतं त्याला. सुट्टीत जाईन ना मी. तूही ये. नातवंडांना रांगेची फार गरज आहे."

पुलाच्या तोंडाशी बाईंनी तळहात पुढे केला. "शिट्टी दे."

"तुला कुठे वाजवता येते?"

"दे गं."

इतक्या वर्षांत ती वस्तू बाईंनी कधी ओठांना लावली नव्हती. पहिल्या फुंकीला नुसती हवा निघाली. शिट्टी खो-खो हसली. दुसऱ्यांदा मात्र जमलं: दोन छोट्या.

चालणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला. बाईंनी सवयीने एकदा मागे वळून पाहिलं, मग शेजारी पाहिलं, आणि पाऊल टाकलं.