सोमवारचे आकडे

१९७४ सालच्या जानेवारीत मी माझ्या बापाला दारुडा ठरवलं, आणि तेही पुराव्यानिशी. लोकांनी त्यांना आधीच ठरवून ठेवलं होतं, मी त्यावर आकड्यांचा शिक्का मारला.

बाबांचं नाव इंद्रभान. शेलूबाजारच्या एका जिनात ते बावीस हंगाम कामाला होते. जिन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. पत्र्याच्या लांबलचक खोलीत मशिनी खडखडतात आणि हवेत रुईचं एवढं भुसकट उडतं, की संध्याकाळी बाहेर पडलेला माणूस पिठाच्या ढिगातून उठून आल्यासारखा दिसतो. तिथेच राबून बाबांनी मला शिकवलं. मी अकोल्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा ते गावभर सांगत सुटले, की माझी हेमला न दिसणारे किडे पाहते.

त्यांच्यावरचा आळ असा होता. शेलूबाजारचा बाजार गुरुवारी. शुक्रवारी बाबा कामावर जायचे ठणठणीत आणि दुपार कलली की त्यांची छाती दाटायची. घरी येईपर्यंत डोळे लाल, अंगात कणकण, कधी ओकारी. लोक म्हणाले, बाजारातून बाटली आणतो आणि शुक्रवारी जिनात बसून रिचवतो. माय आधी भांडली, मग रडली, मग तिने त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर लोक हसून मोकळे झाले असते. पण बाबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि दर रविवारी विहारात वंदना तेच घ्यायचे. ते पुढे बसून एकेक शील म्हणायचे आणि मागून सगळी वस्ती म्हणायची. पाचवं शील नशापाणी न करण्याचं. विहाराचे चिटणीस जानराव एक दिवस घरी आले, चहा घेतला आणि नजर चुकवत म्हणाले, "इंद्रभानभाऊ, लोकं बोलून राह्यले. काही दिवस वंदना मी घेतो. माघ पौर्णिमेच्या बैठकीत काय थे ठरवू."

बाबा एरवी पत्र लिहायचे, त्या रात्री स्वतःच माझ्याकडे अकोल्याला आले. खाटेवर बसायच्या आधीच म्हणाले, "म्या पेली नाही. तू हवेतलंच पाह्यतं ना? मंग आमच्या जिनातली हवा पाह्य एकडाव."

मी पाहिली. मनापासून पाहिली, हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं माझ्या हुशारीमुळेच बिघडलं. जिनाचे मालक दुलीचंद शेठ भला माणूस. म्हणाले, "बाई, काय पाहायचं थे पाहा, फक्त मशीन बंद पाडू नका." मी काचेच्या बशांमध्ये जंतूंचं खाद्य ओतून त्या जिनात उघड्या ठेवल्या. दोन दिवसांत त्यांच्यावर पिवळट, चिकट ठिपके दाटीवाटीने उगवले. कापसाच्या बोंडाला चिकटलेल्या काडीकचऱ्यातून येणारे हे जंतू. त्यांच्या कवचात एक विष असतं आणि जंतू मेला तरी ते मरत नाही. ते छातीत गेलं की काय होतं, यावर तेव्हा परदेशात शोध चालू होते. एका ओळखीच्या डॉक्टरांकडून मी फुंकायचं यंत्रही उसनं आणलं. नळीत जोराने फुंकायचं, तबकडीवरचा काटा किती सरकतो ते लिहायचं; छाती दाटलेली असली की काटा कमी सरकतो.

परदेशी निबंधांत ठळक लिहिलं होतं, की सूतगिरणीतल्या कामगारांची छाती सोमवारी दाटते. आठवडाभर रोज धूळ खाऊन शरीराला तिची सवय होते, एका सुट्टीत ती मोडते आणि परत कामावर आलेल्या पहिल्या दिवशी त्रास उसळतो. धूळच दोषी असेल तर ती सोमवारीच पकडली जाणार, म्हणून मी लागोपाठ चार सोमवार पहाटेच्या एसटीने शेलूबाजारला गेले. बावीस माणसांना सकाळी फुंकायला लावलं, संध्याकाळी पुन्हा लावलं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांत जवळजवळ फरक नव्हता. बाबांचा सकाळी चारशे वीस, संध्याकाळी चारशे दहा.

चौथ्या सोमवारी मी घरी वही उघडली आणि मास्तरणीच्या आवाजात सांगितलं, "बाबा, हवेत जंतू आहेत, पण त्यानं कुणाची छाती भरत नाही. हे पाहा आकडे. शुक्रवारचं कारण दुसरंच आहे."

माय चुलीपुढून म्हणाली, "मी काय सांगत होती?"

बाबांनी वही ओढून घेतली आणि बोट ठेवत एकेक आकडा पाहिला. त्यांना आकडे वाचता येत होते. मग म्हणाले, "म्हंजे मी पेतो."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलं. म्या पेली नाही असं तुले सांगतलं ना? मंग पाचवं शील राहू दे बाई, तू तं मले चौथ्यातच काढून राह्यली."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी वही मिटली आणि बस गाठली. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. आकडे समोर असताना माणूस कबूल का होत नाही, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी बाबा विहारात अगदी दाराशी, चपलांजवळ बसले, असं मायने कळवलं.

यंत्र शनिवारी परत करायचं होतं आणि ते राहिलं होतं शेठजींच्या कपाटात. म्हणून शुक्रवारी कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी गेले. जिनाच्या फाटकाशी, पाण्याच्या रांजणाला टेकून बेबीताई बसली होती. मशिनीत कापूस टाकायचं काम करणारी. छातीवर हात, तोंड उघडं.

"काय झालं व?"

"काही नाही. बाजारची भजी बाधली."

"दर शुक्रवारी बाधतात?"

"दर शुक्रवारी. संगं काम करनारा लखीराम म्हणते, पानी बदलल्यानं होते. त्या इमलबाईले वाटते भानामती हाय. तुह्या बापाचं तं ठावंच हाय." मग ती थोडं थांबून दम घेत म्हणाली, "पन मी काय पेतो काय व?"

मी विचारलं, "काल कामावर नव्हती?"

मी वेडी झाल्यासारखी ती माझ्याकडे पाहायला लागली. "काल बाजार नव्हता काय? बाजाराच्या दिसी जिन बंद रायते. तू इथलीच ना व?"

मी इथलीच. जन्माला येऊन सत्तावीस वर्षं झाली होती आणि गुरुवारी बाबा घरी असतात, रविवारी वंदना आटोपून कामावर पळतात, हे मी लहानपणापासून पाहत होते. सोमवार हा इथे पहिला दिवस नव्हताच. सोमवारपर्यंत या माणसांच्या शरीराला धुळीची पुन्हा सवय झालेली असायची. परदेशी कामगारांचा रविवार मी शेलूबाजारच्या गळ्यात बांधला होता. मला तिथेच रांजणात डोकं घालावंसं वाटलं.

"चारदा आली मी. कुणी सांगितलं काहून नाही?"

"तू सोमवारचंच इचारलं," बेबीताई म्हणाली.

मी धावत जाऊन यंत्र काढलं. बावीस जणांना फुंकायला लावलं. एकोणीस जणांचा काटा घसरला होता. सोमवारी तीनशे चाळीसवर जाणारी बेबीताई दोनशे पन्नासवर अडकली. बाबा शेवटी आले, माझ्याकडे न पाहता फुंकले. दोनशे ऐंशी. मी त्यांच्या तोंडाजवळ उभी होते आणि वास येत होता तो फक्त रुईचा.

यंत्राची मुदत वाढवून घेऊन पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. आकडे तेच. माघ पौर्णिमेला विहारात मी उभी राहिले आणि वहीतलं सगळं वाचून दाखवलं. शेठजींनी तोंडाला बांधायला कापड द्यायचं आणि भिंतीत वरच्या बाजूला मोठ्या खिडक्या पाडायचं कबूल केलं आहे, तेही सांगितलं. जानरावांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "चुकलं, इंद्रभानभाऊ. पोरीनं डोळे उघडले आमचे."

बाबांनीही हात जोडले. माय डोळ्याला पदर लावून बसली होती.

वंदनेच्या आधी मी त्यांच्याजवळ गेले. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील. मी म्हटलं, "बाबा, झालं ना मोकळं?"

"झालं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तुह्या मशीनीनं सांगतलं तवा तुले पटलं. म्या सांगतलं होतं तवा काहून नाही पटलं, थे मले समजत नाही. वस्तीतल्या लोकायचं सोड. तू तं घरची."

मी हातातली वही पिशवीत घातली. 

ते पुढे जाऊन आपल्या जागी बसले. मी बायकांमध्ये बसले. त्यांनी एकेक शील म्हटलं, वस्तीने मागून म्हटलं. पाचवं म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच स्थिर होता. मीही पाचवं म्हटलं. त्याच्या आधीचं, खोटं न बोलण्याचं चौथं मात्र मी म्हटलं नव्हतं.