चौथा दगड

बटण दाबलं की टक् व्हायचं, बस्स. इंजिन ढिम्म. गंगाधरने पुन्हा दाबलं, पुन्हा टक्, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोरच्या कोर्टात पट्टेवाल्यांपासून पक्षकारांपर्यंत सगळे त्याच्या रागाला टरकून असत, पण मोटारीला कोण सांगणार? पालीला, सासऱ्यांच्या अंगणात, निम्म्या गावासमोर ती मख्ख उभी होती.

तिने आजच दगा द्यावा, याचा त्याला सगळ्यांत जास्त राग होता. उन्हाळ्यात तो नको नको म्हणत असताना सुलू दीड वर्षाच्या बाळाला घेऊन माहेरी आली होती, आणि ‘आता तिकडेच राहा’ असं त्याने भावकीसमोर बजावलं होतं. मग बाळाला ताप आहे, मोटार घेऊन या, असा निरोप आला, तेव्हा ही परत यायची सबब आहे असं म्हणून त्याने तो कानाआड केला. त्यानंतरचा निरोप आला तोवर भातखाचरापलीकडे, गुंजवणी नदीच्या काठी, बाळाला पुरूनही झालं होतं. तो तेव्हाही आला नाही. इतके महिने सुलूने ना शब्द पाठवला ना शिवी, आणि कार्तिक सरता सरता एकाएकी ती यायला तयार झाली. आनंदरावांनी, तिच्या वडिलांनी, जावयाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आजच न्या. उद्या अमावास्या, उद्या काही मी पाठवायचा नाही, आणि परवा तिचं मन असंच राहील याची खात्री देत नाही.

त्यामुळे त्याने कोट काढून फेकला आणि स्वतःच गाडीला भिडला. दिवे लावून पाहिले, तर लख्ख लागले. म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती. बॅटरीच्या तारा काढून टोकं चाकूने खरवडली, पुन्हा आवळून बसवली. टक्. स्टार्टरवर पान्याने हलके ठोके दिले, मग जोरात दिले. टक्. हँडल घालून घाम फुटेस्तोवर फिरवलं, पण इंजिन साधं खोकलंही नाही. सुलू मागच्या सीटवर बसली होती. त्याच्या शेजारी नाही, मागे. आणि तीही एका कडेला दाराला चिकटून, बाकीची सगळी सीट मोकळी सोडून. ती काहीच बोलत नव्हती, याचीही त्याला चीड येत होती.

शेवटी गडी बोलावले. त्यांनी धक्का देत गाडी वेशीपर्यंत नेली, आणि सपाटीवरसुद्धा त्यांचा दम निघाला. त्यांतला गेनू कपाळ पुसत पुढे आला.

“वकीलसायेब, धकलून न्हाई व्हायचं हे. लई जड लागतीया गाडी.”

आतमध्ये एक बाई आणि एक ट्रंक आहे, जड काय लागतंय, असं गंगाधर त्याच्यावर खेकसला. एवढ्यात आनंदराव काठी टेकत वेशीपर्यंत आले. त्यांनी वाटेतला मुठीएवढा दगड उचलला, धोतराने पुसला, आणि मागचं दार उघडून सुलूच्या पायाशी ठेवला.

तिघं मिळून निघाले की काम बिघडतं, म्हणून चौथा म्हणून एक दगड बरोबर घ्यायचा, ही रीत गंगाधरच्या आईनेही जन्मभर पाळली होती. तेव्हा दगडाचं त्याला नवल नव्हतं. पण रागाने त्याचा आवाज चिरकला.

“तिघं कुठं? आम्ही दोघंच आहोत.”

म्हाताऱ्यांना मोतीबिंदू झाला होता. त्यांनी वाकून मागच्या सीटकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

गंगाधरने बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

तार हलून नीट बसली असणार, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि तरीही तो सगळी वाट धुमसत राहिला. अडाण्यांचा बाजार नुसता! धक्के यांचे, हाताला फोड माझे, आणि श्रेय दगडाला. मार्गासनी गावाच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवून उतरला, मागचं दार उघडलं आणि दगड उचलून बांधाकडे भिरकावला. तो जमिनीवर पडायच्या आत इंजिन बंद पडलं.

तो पुन्हा स्टिअरिंगपाशी येऊन बसला. टक्. टक्. टक्. सूर्य राजगडाआड उतरत होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आता तरी बोल, दोन शिव्या तरी दे मला, असं तो मागे वळून सुलूवर ओरडला. ती मांडीवरचा पदर सारखा करत होती.

“मला काय विचारता,” ती म्हणाली. “दगड तुम्ही टाकलात.”

मग भोर संस्थानातला एक नामांकित वकील बांधाच्या गवतात गुडघ्यांवर बसून, स्वतःला, सासऱ्याला आणि मोटारीला शिव्या घालत दगड शोधू लागला. मिळाला तेव्हा त्याने तो पुसला. का पुसला, हे त्यालाही कळलं नाही. दगड जागेवर ठेवला आणि बटण दाबलं. भोर येईपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

घरापाशी पोचले तेव्हा शेजारच्या घरांतून दिवे लागले होते. त्याने ट्रंक ओट्यावर ठेवली, आणि पहिलं काम म्हणून मागच्या सीटपाशी जाऊन तो दगड उचलला. आता तरी तो गटारात जाणार होता. त्याने हात मागे नेला, तशी सुलूने त्याचं मनगट धरलं. इतक्या महिन्यांत तिचा हात त्याला पहिल्यांदाच लागत होता.

“टाकू नका,” ती म्हणाली. “घरातही आता आपण तिघंच आहोत.”

रागवायला त्याने तोंड उघडलं, आणि आयुष्यात प्रथमच त्याला राग सापडेना. सुलूने कडी काढून दार उघडलं आणि स्वतः आत न जाता ती जराशी बाजूला सरली. उंबरा उंच होता. तो ओलांडायला लहान पायांना जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती खाली बघत तशीच उभी राहिली.