चित्रातली भोकं

धाकट्या बाईंचं सगळं आयुष्य एका इमारतीत मावलं होतं, आणि ते मावतंय याचंच लोकांना कौतुक. खाली शाळा, वर सासर. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई, त्याच त्यांच्या सासूबाई. शाळेचा कारकून म्हणजे नवरा. सकाळी जिना उतरला की आईंच्या मॅडम व्हायच्या, दुपारी जिना चढला की मॅडमच्या पुन्हा आई. मधल्या पायरीवर घटकाभर टेकावं म्हटलं तर तिथंही कुणीतरी हटकायचं, "काय बाई, बरं नाही का?" लोक म्हणायचे, नशीबवान आहात, कामाला जायला बसचा खर्च नाही. तुरुंगातल्या माणसालाही बसचा खर्च नसतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

शाळेमागं टेकडी. तिची माती खाली येऊ नये म्हणून दोन पुरुष उंचीची दगडी भिंत. आतलं पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतीला ओळीनं भोकं ठेवलेली. भिंत आणि सातवीचा वर्ग यांच्यामध्ये फक्त एक अरुंद बोळ.

तपासणीला साहेब येणार म्हणून मोठ्या बाईंनी या भिंतीला गिलावा करून घेतला आणि चित्रकलेच्या सरांना जुंपलं. सरांनी खडकचक्र रंगवलं. धगधगता ज्वालामुखी, त्याचा थंड झालेला काळा खडक, तो झिजवणारी नदी, तळाशी गाळाचे थर, आणि सगळ्यांना फिरवून आणणारे लाल बाण. चित्र झकास झालं. पण भोकांतून मातकट पाणी यायचं थांबेना. ज्वालामुखीला शेंबूड आलाय म्हणून पोरं खिदळायला लागली. मोठ्या बाईंनी गवंडी बोलावला, भोकं सिमेंटनं लिंपून घेतली आणि वरून रंग फासला. पाणी खडकाचं काय करतं हे शिकवणारं चित्र खराब होऊ नये म्हणून पाणीच कोंडलं. ही अक्कल फक्त शाळेतच चालते.

मग पाऊस लागून राहिला. धाकट्या बाईंचा विदारणाचा धडा चालू होता. त्यांनी सातवीला बोळात आणून उभं केलं.

"खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो, ते विदारण. फुटलेलं उचलून वारा-पाणी दुसरीकडे नेतं, ती झीज. फरक कळला?"

"कळला," एक मुलगी म्हणाली. प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून तिला सगळे वकील म्हणायचे. "म्हणजे दादानं माझी पेन्सिल मोडली ते विदारण, आणि तुकडे घेऊन पळाला ती झीज."

"अगदी बरोबर."

"मग बाई, ज्वालामुखीला पोट का आलंय?"

बाईंनी बघितलं. चित्राचा मधला भाग फुगल्यासारखा दिसत होता. रंगाचा भास असेल म्हणून त्यांनी एका सुतळीला दगड बांधला आणि भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडला. सुतळी सरळ लोंबायला हवी होती. ती ज्वालामुखीवर टेकून बाहेर वाकली. वरच्या कडेला नदीच्या उगमातून एक चीर तिरपी निघाली होती आणि चिरेला ओल सुटली होती.

पोरं हसत होती. बाईंनी सुतळी गुंडाळली आणि त्यांना बोळातून बाहेर काढलं.

मधल्या सुट्टीत त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. "मॅडम, भिंतीनं पोट काढलंय. मागं पाणी साठतंय. भोकं उघडायला हवीत. तोवर सातवीला हॉलमध्ये बसवू."

"हॉलमध्ये प्रदर्शन मांडलंय."

"भिंत आली तर?"

"भिंत माझ्या लग्नाआधीपासून उभी आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "तू येऊन किती दिवस झाले?"

रात्रीच्या जेवणाला धाकट्या बाईंनी तोच विषय पुन्हा काढला.

"घरात शाळा नको," आई म्हणाल्या. शाळेत म्हणायच्या, घरचं इथं नको. मग बोलायचं कुठं, जिन्यावर? नवरा ताटात बघून भात कालवत होता. त्याला बघून वाटावं, आयुष्यात कालवण्यासारखं एवढंच उरलंय.

"अहो, तुम्ही तरी बोला."

"तपासणी होऊ दे गं," तो म्हणाला. "मग बघू."

तपासणीच्या दिवशी साहेबांना थेट बोळातच आणलं. सातवीचा वर्ग रांगेत, मोठ्या बाई नव्या साडीत, कोपऱ्यात चित्रकलेचे सर. धाकट्या बाईंनी खडकाचे तीन प्रकार विचारले, पोरांनी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. साहेब माना डोलवत होते.

"आता मुलांनो," बाई म्हणाल्या, "या चित्रात भोकं कुठं होती?"

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. पोरांना मात्र एकेक भोक ठाऊक होतं. चिठ्ठ्या लपवायला, चिंचोके कोंबायला तीच तर त्यांची बँक होती. "ज्वालामुखीच्या हनुवटीखाली." "दुसऱ्या बाणाच्या शेपटीत." "गाळाच्या थरात, बाई, तिथं माझं शार्पनर आहे."

बाईंनी पोरांना बोळाच्या तोंडाशी पिटाळलं, बोळातल्या बाकामागं आधीच आणून ठेवलेली सळई आणि हातोडा काढला आणि ज्वालामुखीच्या हनुवटीखाली घाव घातला. गवंड्यानं कामचुकारपणा केला होता, लिंपण बोटभरच जाड निघालं. आतून चिखलाचा लोट असा सुटला की साहेबांचे बूट बुडाले. बाई पुढच्या भोकाकडे वळल्या. मग त्याच्या पुढच्या. चित्रावरून तांबडं पाणी धावायला लागलं, बाण वाहून गेले, बाईंच्या अंगावर कोरडी जागा उरली नाही. आता साहेब विचारतील, हे काय आहे. विचारलं की सगळं सांगायचं, मग नोकरी जावो, घर जावो.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"वा. प्रत्यक्ष झीज दाखवलीत. खडकचक्र जिवंत केलंत." ते मोठ्या बाईंकडे वळले. "अशी कल्पकता हवी, मॅडम. याचा फोटो पाठवा मला, पण चित्र नीट असतानाचाही हवा."

"सर, हे प्रात्यक्षिक नाही. भिंत फुगलीय, तुम्ही जरा..."

"आमची सून आहे," मोठ्या बाई हसून म्हणाल्या. "फार तळमळीची. चहा घेऊ या ना साहेब, बूट पुसून देते."

आणि सगळे गेले. बाईंनी जन्मात एकदा हातोडा उचलला, त्याचंही सासूबाईंना शाबासकीपत्र मिळालं.

शाळा सुटल्यावर नवरा बोळात आला. एका हातात सिमेंटचं घमेलं, दुसऱ्यात थापी. बाई अजून ओल्या साडीत तिथंच बाकावर होत्या. भोकांतून पाणी येतच होतं, आता जरा निवळलेलं.

"आई म्हणाली, बुजवून टाक. सर उद्या रंग देणार आहेत."

"बुजवा. आणि उद्यापासून तुमचं टेबल सातवीत हलवा. मागच्या भिंतीलगत."

"असं काय बोलतेस."

"काय वाईट बोलले? भिंत मजबूत आहे ना?"

त्यानं भिंतीकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच नीट बघितलं. मग वरच्या खिडकीकडे बघितलं. "तू सांग ना आईला."

"मी भिंत फोडून सांगितलं. तुम्ही नुसतं तोंड उघडून सांगा."

तो घमेल्याशेजारी उकिडवा बसला. थापीनं सिमेंट खालीवर करत राहिला, भोकाजवळ हात नेला, मागं घेतला. नेला, मागं घेतला. दुपार कलली. खिडकीतून हाक आली, "झालं का रे?"

त्याचा हात थांबला, आणि थापी घमेल्यात उभी राहिली. दिवेलागणीला परत हाक आली तेव्हा त्यानं थापी उपसायला बघितली, तर सिमेंट घट्ट झालेलं, सगळं घमेलंच वर आलं.

बाईंना हसू आलं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. सिमेंटच्या गोण्या कोठीत अजून होत्या आणि कोठीची किल्ली आईंच्या कमरेला होती.